स्वतः पाळक (चर्चचे धर्मगुरू) नसताना सेवा कशी करायची?

नगरची_ताई: जय ख्रिस्त सगळ्यांना. मी बँकेत क्लार्क आहे, मंडळीत म्हणजे चर्चमध्ये कुठलंच पद नाही. शेजारच्या काकू दोन महिन्यांपूर्वी विधवा झाल्या, त्या आपल्या धर्माच्या नाहीत. पाळकसाहेब म्हणतात तूच त्यांची सेवा कर, पण मी नेमकं काय करू? प्रार्थना करू का म्हणून विचारलं तर त्यांना राग येईल का?

केडगावकर: ताई आधी डबा घेऊन जा. जा, बसा, त्यांना बोलू द्या, आणि पेन्शनचे फॉर्म तर तुम्हीच भरून देऊ शकता, बँकेत आहात ना, ही पण सेवाच आहे हो. पंडिता रमाबाई कुठे पाळक होत्या? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, त्यांना जेवण, शिक्षण, काम दिलं.

वसईची_सून: आमच्या कॅथलिक चर्चमध्येही तेच, १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांची सभा) प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या साध्या लोकांच्या सेवेवर वेगळा दस्तऐवजच काढला. प्रार्थनेचं आधी विचारा, नाही म्हणाल्या तर घरी करा. पण जाणं थांबवू नका प्लीज, तेराव्यानंतर कोणी फिरकत नाही.

नगरची_ताई: थँक्यू, आज संध्याकाळीच जाते. फॉर्मचं खरंच सुचलं नव्हतं.