बेकिंग करूनही व्हॅक्यूम चेंबरचं प्रेशर मायनस ८ (१०^-८ मिलीबार) च्या खाली जात नाहीये, नक्की कुठे शोधू?

मृण्मयी_पीएचडी:
नमस्कार मंडळी. आमच्या लॅबमध्ये जुनं एक्सपीएस (क्ष-किरण टाकून सरफेसवर कोणती मूलद्रव्यं आहेत ते बघणारं यंत्र) आहे आणि सध्या ते माझ्याच ताब्यात आहे. जूनच्या शेवटी नवीन सॅम्पल स्टेज बसवायला चेंबर उघडला, त्या दिवशी नायट्रोजनचा सिलिंडर संपलेला म्हणून साध्या हवेनेच व्हेंट केला (आत हवा सोडली), बाहेर धो धो पाऊस होता. बंद करून टर्बो पंप लावला, हीटर टेप आणि फॉइल गुंडाळून १३० डिग्रीला ३६ तास बेक केला (भिंतींना चिकटलेलं पाणी, गॅस निघावा म्हणून तापवला), पण गार झाल्यावर प्रेशर ३ × १०^-८ मिलीबारलाच अडकलंय. आधी हाच चेंबर मायनस १० मध्ये आरामात जायचा. माझं काम टायटॅनियमच्या फिल्मवर आहे, आर्गॉनने सरफेस खरवडून साफ करते तेव्हा ऑक्सिजनचा पीक जवळजवळ जातो पण स्कॅन संपेपर्यंत परत उभा राहतो, म्हणजे जे मोजायचं तेच माझ्यासमोर बदलतंय. परत बेक करू का लीक शोधू? गाइड म्हणतात अजून दोन दिवस बेक कर. प्लीज कुणीतरी सांगा, दोन आठवडे ह्यातच गेलेत.

निर्वात_नाशिककर:
परत बेक करायच्या आधी आरजीए (आत उरलेले गॅस वजनाच्या आकड्याने दाखवणारं उपकरण) बघ, आंधळेपणाने तापवत बसण्यात अर्थ नाही. १८ चा पीक सगळ्यात उंच असेल तर पाणी, पावसाळी हवेने व्हेंट केल्यावर ते होणारच, त्याला बेकिंग हेच औषध आणि गाइडचं बरोबर. पण २८ उंच असेल, सोबत १४, ३२ आणि थोडासा ४० दिसत असेल तर ती हवा आहे, ४० म्हणजे हवेतला आर्गॉन, तो भिंतींतून सुटत नाही. (तू सॅम्पल आर्गॉनने साफ करतेस म्हणून आधी ती लाइन नीट बंद आहे ना बघ, नाहीतर ४० फसवेल.) २८ आहे पण १४ नाही, १२ आहे, तर ते कार्बन मोनॉक्साइड, हवा नव्हे.

आरजीए नसेल तर पंपाचा गेट व्हॉल्व्ह बंद करून प्रेशर कसं चढतं ते दर मिनिटाला लिहून काढ. सरळ रेषेत चढत राहिलं तर लीक, चढून मंदावत गेलं तर भिंतींतून गॅस सुटतोय. मग बाहेरून हीलियम मारून तो आत येतो का बघ. वरच्या फ्लँजपासून (बोल्टने आवळलेल्या जोडापासून) खाली ये कारण हीलियम वर जातो, खालून सुरू केलंस तर वरचा लीक खालचा वाटेल. आणि तांब्याचं जुनं गॅस्केट परत वापरलं असशील तर बाकी सगळं सोडून आधी ते बदल.

वर्कशॉपवाले_काका:
ताई, मी बरीच वर्षं एका लॅबचं वर्कशॉप सांभाळलं, म्हणून एकच विचारतो. नवीन स्टेज कुणी बनवली आणि स्क्रू कशाचे आहेत? भोक आरपार नसेल, खाली बंद असेल, आणि त्यात साधा स्क्रू घट्ट बसवला तर तळाशी हवा अडकते. ती आट्यांमधून इतकी हळू बाहेर येते की आठवडेच्या आठवडे जातात. बाहेरून कितीही हीलियम मारा, काही सापडणार नाही, कारण भोक बाहेर नाहीच. उपाय सोपा आहे, स्क्रूच्या मधून आरपार बारीक भोक पाडायचं, नाहीतर कानशीने एका बाजूने आटे उभे घासून सपाट करायचे म्हणजे हवेला वाट मिळते.

दुसरं, स्क्रू पितळेचे असतील तर आजच काढा. पितळेत जस्त असतं, बेकिंगच्या उष्णतेत ते उडतं आणि सगळ्या चेंबरभर बसतं. वर्कशॉपमधल्या माणसाला कुणी सांगितलं नसेल तर तो हाताला येईल तो स्क्रू देतो, त्याचा दोष नाही, ड्रॉइंगवर लिहायला हवं.

दूरदेशी_रसायन:
बर्लिनहून लिहितेय. तुझा ऑक्सिजन का परत येतो त्याचं गणित सांगते, गाइडना पटवायला उपयोगी पडेल. १०^-६ टॉरला (टॉर हे प्रेशरचंच एकक, मिलीबारच्या जवळपास) प्रत्येक आदळणारा रेणू चिकटला असं धरलं तर साधारण एका सेकंदात पूर्ण थर बसतो. तुझ्या प्रेशरला ते पाऊण मिनिटावर येतं, आणि टायटॅनियमला ऑक्सिजन, पाणी सगळंच चिकटतं. मायनस १० ला तोच थर बसायला तीनेक तास लागतात, स्कॅन आरामात होतो. एक्सपीएस वरचे काही नॅनोमीटरच बघतं म्हणून एक थरसुद्धा लपत नाही. पावडर ऑक्साइड असते तर मायनस ८ ला मी काम चालवलं असतं, तुझ्या कामाला ते चालणार नाही.

दरम्यान काम अडलं असेल तर आय-स्टेम पोर्टलवर बघ, बाहेरच्या लॅबमधलं एक्सपीएस तिथून बुक करता येतं. आणि इंदूरला इंडस-२ ह्या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) हार्ड एक्स-रेची फोटोएमिशन बीमलाइन आहे, ती खोलवर बघते, वरच्या थराचा त्रास कमी होतो. तिथे मात्र प्रपोजल लिहावं लागतं.

मृण्मयी_पीएचडी:
अपडेट देते. आरजीएमध्ये २८ सगळ्यात वर, १४ आणि ३२ सोबत, ४० पण, आर्गॉनचा व्हॉल्व्ह दोनदा तपासला, बंदच होता. दोन दिवस एकेका फ्लँजवर हीलियम मारला, ४ नंबर (हीलियमचा) हललासुद्धा नाही. मग काकांचं ऐकून परत उघडला, ह्यावेळी कोरडा नायट्रोजन भरून. स्टेजच्या खालच्या प्लेटला सहा स्क्रू, सहाही बंद भोकात. त्यातले दोन पिवळे. जुना स्पेक्ट्रम परत उघडून बघितला तर ६४, ६६ आणि ६८ ला बारीक बारीक पीक होते, म्हणजे जस्तच, मी ते नॉइज समजून सोडून दिले होते.

सगळे स्क्रू स्टीलचे केले, काकांनी सांगितलं तसे कानशीने घासले, आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुतले, नवी गॅस्केट घातली आणि बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळत गेले. ४८ तास बेक केला, गरम असतानाच फिलामेंट डीगॅस केले (तापवून त्यांतला गॅस काढला). आज सकाळी ६ × १०^-१० दाखवलं. काका, तुमचे खूप खूप आभार, खरंच.

एकच राहिलं, जस्त आत बसलंय ते ह्या बेकने गेलं असेल का? ६४ आता दिसत नाही पण अॅनालायझरच्या (इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या भागाच्या) लेन्सची काळजी वाटते.

वर्कशॉपवाले_काका:
लेन्सला हात लावू नका. स्वच्छ सोन्याचा नमुना घ्या, रोज सकाळी एक्सपीएसमध्ये त्याचा ४एफ चा पीक काढा, ८४.० इलेक्ट्रॉन व्होल्टला येतो, त्याची उंची वहीत लिहा. आणि जस्ताचा २पी, १०२२ च्या आसपास, त्या सोन्यावर दिसतो का तेही बघा. आठवडाभर उंची तशीच राहिली आणि जस्त दिसलं नाही तर सोडून द्या.