केअर प्लॅनमध्ये नर्सिंग थिअरी नुसती नावाला लिहायची का? वॉर्डात तुम्ही कशी वापरता?

ऐरोली_थर्डइयर
नमस्कार सगळ्यांना. मी बीएस्सी नर्सिंग थर्ड इयरला आहे, सध्या सर्जिकल वॉर्डला पोस्टिंग चालू आहे. केस प्रेझेंटेशनला एक पेशंट घेतलाय, पन्नाशीचे काका, तुर्भ्याच्या भाजी मार्केटला माथाडी कामगार, मूळ साताऱ्याकडचे. डायबेटिक फूट (शुगरमुळे पायाला झालेली जखम), उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला, आता नव्याने इन्सुलिन चालू झालंय आणि थोड्या दिवसांत डिस्चार्ज. मॅडम म्हणाल्या थिअरी अप्लाय करून केअर प्लॅन आण. आमच्या बॅचला सगळे एकतर ऑरेमची सेल्फ-केअर थिअरी लिहितात नाहीतर हेंडरसनने सांगितलेल्या पेशंटच्या 14 मूलभूत गरजा, सिनिअरची फाईल बघून उतरवायचं आणि सही घ्यायची. पण वॉर्डात मी कुणाच्या तोंडी ऑरेमचं नाव ऐकलं नाहीये, सिस्टर लोकांना औषधं, ड्रेसिंग, हँडओव्हर यातून पाणी प्यायला वेळ नसतो. मला खरंच समजून घ्यायचंय की थिअरीने या काकांच्या बाबतीत नक्की काय बदलतं?

कळवा_सिस्टर
चांगला प्रश्न विचारलास ग. नाव घेत नाही आम्ही, पण वापरतो रोज. ऑरेमचं म्हणणं एवढंच की माणूस स्वतःची काळजी स्वतः घेत असतो, आजारपणात जेवढं त्याला जमत नाही तेवढंच आपण भरून काढायचं. ऑपरेशनच्या दिवशी सगळं आपण केलं, नंतर अर्धं तो अर्धं आपण, आणि आता डिस्चार्जच्या तोंडावर आपलं काम फक्त शिकवायचं आणि पाठीशी उभं राहायचं. तुझे काका आता या तिसऱ्या पायरीवर आहेत आणि तरी इन्सुलिन आपणच टोचतोय ना? तिथेच चुकतं बघ.

उद्या सकाळचा डोस त्यांच्या हातून भरून घे. आपल्याकडे इन्सुलिनची व्हायल (बाटली) बहुतेक एका मिलीला 40 युनिटची असते, तिला लाल टोपीची सिरिंज लागते, केशरी टोपीची 100 ची असते, मेडिकलवाल्याने चुकून ती दिली तर डोस भलताच जातो, हे त्यांना दोन्ही सिरिंज हातात देऊन दाखव. सिरिंजवरच्या रेघा त्यांना दिसतात का ते बघ. घरी फ्रीज आहे का विचार. तळपाय रोज कोण बघणार, आरसा धरून स्वतः बघता येतो का, घरात अनवाणी फिरतात का. आणि मुख्य म्हणजे कामाची वेळ विचार, भाजी मार्केट रात्रीच चालू होतं, आपण चार्टवर "नाश्त्याआधी" लिहितो पण त्या माणसाचा नाश्ता कधी असतो ते आपल्याला माहीतच नसतं. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी गोणी उचलली तर शुगर धाडकन खाली येईल.

ट्यूटर_खारघर
वरच्या सिस्टरशी सहमत, पण मी असते तर या केसला रॉयचं मॉडेलही काढलं असतं. रॉय चार बाजू बघायला सांगते: शरीर, स्वतःबद्दलची भावना, घरातली-कामातली भूमिका आणि एकमेकांवरचा आधार. शरीराचं सगळे लिहितात, बाकी तीन कॉलममध्ये "पेशंट चिंताग्रस्त आहे" एवढं टाकून मोकळे होतात. पायाचा अंगठा गेला की तोल आणि चालताना पाय रेटायची ताकद दोन्हीवर परिणाम होतो, आणि या माणसाची रोजीरोटीच पाठीवर ओझं वाहायची आहे! तो ड्रेसिंगच्या वेळी गप्प असेल तर दुखतंय म्हणून की पुढं काय होणार म्हणून, हे विचारल्याशिवाय कसं कळेल. माथाडी कायदा 1969 चा आहे, त्याखाली बोर्ड आहेत, हलकं काम किंवा काही मदत मिळू शकते का हे हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटून विचारायला लाव, आणि हे केअर प्लॅनमध्ये इंटरव्हेन्शन म्हणून लिही, मी तरी त्याला पूर्ण मार्क देईन. फक्त पाच थिअरींची खिचडी करू नकोस. एक मुख्य धर, दुसरी लागेल तिथेच.

घणसोली_कम्युनिटी
साताऱ्याकडचे आहेत म्हणतेस तर माळकरी आहेत का ते आधी बघ. जखम भरायला प्रोटीन हवं म्हणून डाएट शीटवर डोळे झाकून अंडी लिहितात आणि माळकरी माणूस ती शेजारच्या बेडला देऊन टाकतो. पेशंटची संस्कृती बघून काळजी घ्या म्हणणारी लेनिंजर हेच सांगते, काही गोष्टी तशाच जपायच्या, काहींत मधला मार्ग काढायचा, आणि जे खरंच घातक आहे तेवढंच बदलायला सांगायचं. माळ जपा, डाळ-मटकी-दूध-पनीर वाढवा, एकादशीला इन्सुलिनचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून आधीच ठरवा. आमच्याकडे आगरी आजी असतात, हार्ट फेल्युअर, त्यांना "मासे बंद" सांगितलं तर त्या परत येतच नाहीत. ताजी मासळी खा, सुकट आणि खारे बोंबील मिठामुळे ठेवा बाजूला, एवढं म्हटलं की ऐकतात.

ब्रदर_ठाणे
मी सायकियाट्रीवाला म्हणून नर्स-पेशंट नात्याची थिअरी मांडणाऱ्या पेप्लॉबद्दल एकच. 1952 पासून ती सांगतेय की नातं सुरू होतं, काम होतं, आणि ते नीट संपवावंही लागतं. स्टुडंट लोक पोस्टिंग संपली की गायब होतात आणि पेशंट आम्हाला विचारत बसतो ती मुलगी कुठं गेली. काकांना तुझा शेवटचा दिवस आधी सांग.

ऐरोली_थर्डइयर
थँक्यू सगळ्यांना, खूपच मदत झाली. आज काकांशी निवांत बोलले. ड्युटी पहाटे तीनला असते, तेव्हा नुसता चहा घेतात आणि पहिलं जेवण दहाला! हे फाईलमध्ये कुठेच नव्हतं, लगेच रेसिडेंट डॉक्टरांना सांगितलं, ते डोसच्या वेळा परत बघतो म्हणालेत. माळकरी आहेतच. आणि सिरिंज हातात दिली तर 10 चा आकडा सापडेना, चष्मा कोपरखैरण्याला घरी राहिलाय म्हणे. ऑरेम मुख्य ठेवते, कामाचा भाग रॉयमधून घेते.

कळवा_सिस्टर
शाब्बास. चष्मा उद्या मागवूनच घे, नुसता चार्ट देऊन घरी पाठवू नकोस. काकू व्हिजिटिंगला येतात ना? त्यांनाही सोबत बसव आणि दोघांकडून एकेकदा भरून घे, मगच "टीचिंग दिलं" म्हणून लिही.