रावेत-निगडी भागात आठवीसाठी शाळा: सांगलीहून येतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

यजमानांची बँकेत बदली झाली आहे, सांगलीहून चिंचवडला. जूनपासून आम्ही चौघं, सासूबाई धरून, रावेतला भाड्याच्या फ्लॅटमध्ये येतोय. घर ठरलं, सामानाचा टेम्पो ठरला. लेकीची शाळा मात्र ठरत नाही, आणि गेले तीन आठवडे मला दुसरं काही सुचत नाहीये. म्हणून इथे सविस्तर लिहिते. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

लेक सातवीत आहे. इथल्या एका जुन्या संस्थेच्या अनुदानित शाळेत, मराठी माध्यम, पाचवीपासून सेमी. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीत. पहिल्या-दुसऱ्या नंबरात नसते, पण अभ्यास मनापासून करते. भूगोल तिचा जीव की प्राण. कृष्णेचा पूर २०१९ मध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला होता, तेव्हा ती अगदी लहान होती. पण ते पाणी तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. अजून वहीच्या मागच्या पानांवर नद्या काढते, कोयना कुठे मिळते, वारणा कुठे मिळते.

रावेतमध्ये आमच्या सोसायटीपासून चालत दहा मिनिटांवर सीबीएसईची एक मोठी शाळा आहे. इमारत झकास, वर्गात मुलं कमी. फी वर्षाला १ लाख १५ हजार, वह्या-पुस्तकं, गणवेश वेगळे. ओढाताण होईल, पण जमवू. दुसरी शाळा निगडी प्राधिकरणात, जुन्या संस्थेची, स्टेट बोर्ड, सेमी. तिथे आठवीच्या तुकडीत ५८ मुलं आहेत असं ऑफिसातल्या क्लार्कनी सांगितलं. फी नगण्य. पण अंतर साधारण सहा किलोमीटर आणि शाळेची स्वतःची बस नाही. तिसरीही एक आहे, स्टेट बोर्ड पण पूर्ण इंग्रजी माध्यम, पुनावळ्याच्या बाजूला. ती अजून आतून पाहिलेली नाही.

मार्चमध्ये आम्ही तिघं दोन दिवस येऊन फिरलो. त्यातला एक प्रसंग सांगायचाच आहे, कारण खरा प्रश्न तिथूनच सुरू झाला.

एका खासगी शाळेत (वरच्या तिन्हींपैकी नाही) 'इंटरॅक्शन' म्हणून लेकीला आत बोलावलं. आम्हाला बाहेर काचेच्या पलीकडे बसवलं. मॅडमनी काहीतरी विचारलं, ती उभी राहून बोलली, दोन-तीन वाक्यं. मग तिच्यापुढे एक छापील कागद ठेवला. ती पेन्सिल हातात धरून बराच वेळ बसून होती. वीस मिनिटांनी आम्हाला आत घेतलं आणि तिच्यासमोरच सांगितलं, "हिला पुन्हा सातवीत बसवा, नाहीतर निभावणार नाही." कागद मला दाखवला. इंग्रजी उतारा होता, भूगोलाचा. खाली पाचपैकी दोन उत्तरं लिहिलेली. आणि लॅटिट्यूड या शब्दाच्या वर, अगदी बारीक पेन्सिलीने, तिने लिहिलं होतं 'अक्षांश?'

संध्याकाळी स्वारगेटला एसटीची वाट बघत बसलो होतो. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, लॅटिट्यूड म्हणजे अक्षांशच ना?" मी म्हटलं, होय. "मग मला येत होतं की."

त्या दिवसापासून ती म्हणते, कुठलीही शाळा बघा, पण मला आत नेऊ नका.

यजमानांचं मत सीबीएसई. त्यांच्या मते पुढे सगळं इंग्रजीतच आहे, आज ना उद्या बदलावंच लागणार, मग आताच बदलू. सासूबाई म्हणतात मराठी शाळाच बरी. मला दोन्ही पटतं आणि म्हणूनच काही ठरत नाही. फी आणि इमारत मी बघितली. पण मधूनच आलेल्या पोरीला कोणती शाळा सांभाळून घेईल, हे बाहेरून कसं ओळखायचं?

शिवाय एक अडचण. इथली वार्षिक परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालेल आणि सीबीएसईची आठवी एप्रिलच्या सुरुवातीलाच सुरू होते. म्हणजे ती जूनमध्ये येईल तेव्हा तिथला बराच भाग झालेला असेल. हा खड्डा कुणाच्या मुलांनी कसा भरून काढला? आणि आठवीत बोर्ड बदलणं शहाणपणाचं आहे का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा. शाळांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही.

---

प्रतिसाद

ताई, मी चौदा वर्षं सीबीएसई शाळेत सामाजिक शास्त्र (इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र) शिकवते. तुमच्या मुलीने लिहिलेला तो 'अक्षांश?' वाचून राहवलं नाही.

आधी त्या 'इंटरॅक्शन'बद्दल. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १३ प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावायला मनाई करतं. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. हा कायदा आठवीपर्यंत लागू आहे, म्हणजे तुमच्या मुलीलाही. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर यातून बाहेर आहेत.) प्रवेश झाल्यावर मूल कुठे आहे हे शिक्षकाने समजून घेणं वेगळं, ते करायलाच हवं. पण सातवी पास झालेल्या मुलीला परत सातवीत बसवू नका. तिला विषय येतोय, फक्त शब्द दुसऱ्या भाषेत आहेत.

बोर्ड बदलायचंच असेल तर आठवी ही शेवटची सोयीची पायरी आहे. सीबीएसईमध्ये नववीत बोर्डाकडे नोंदणी होते. नववी-दहावी एकत्रच धरतात आणि थेट दहावीत प्रवेशासाठी बोर्डाची परवानगी लागते. आठवीत आली तर सावरायला तिला अख्खं वर्ष मिळेल.

माझा अनुभव असा, की सेमीतून आलेल्या मुलांचं गणित-विज्ञान अडत नाही. डिनॉमिनेटर, फोटोसिंथेसिस हे शब्द त्यांचे असतात. अडतं ते इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोलात. त्यासाठी एनसीईआरटीची सातवीची सामाजिक शास्त्राची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मे महिन्यात रोज दोन पानं, आणि एका वहीत डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. ही वही तिलाच करू द्या, तुम्ही करून देऊ नका. माझ्या वर्गात दोन वर्षांपूर्वी सोलापूरहून एक मुलगा आला होता, तो दिवाळीनंतर वर्गात हात वर करायला लागला. तोवर मी त्याला मराठीत उत्तर देऊ देत होते. म्हणून भेटाल तेव्हा मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: गेल्या वर्षी आठवीत मराठी माध्यमातून कोणी आलं होतं का, आणि त्यांच्यापैकी एका पालकाशी बोलता येईल का? जी शाळा लगेच नंबर जोडून देते, तिथे मूल सांभाळलं जातं.

आणखी दोन गोष्टी. 'सीबीएसई पॅटर्न' असं फलकावर लिहिलेलं असेल तर थांबा. संलग्नता क्रमांक मागा आणि बोर्डाच्या संकेतस्थळावर ती दहावीपर्यंत आहे का ते स्वतः बघा. काही शाळांची आठवीपर्यंतच असते. दुसरं, नववी-दहावीत बोर्डाच्या परीक्षेसाठी मराठी विषय घेता येतो का ते विचारा. बोर्ड मराठी देतं, पण शाळेकडे शिक्षक नसेल तर हिंदी किंवा संस्कृतवर बोळवण होते.

---

प्रतिसाद

आम्ही रावेतकरच, बास्केट ब्रिजजवळ राहतो. पुनावळ्याची शाळा घेण्याआधी सोमवारी सकाळी सातला तो अंडरपास एकदा बघा. पावसाळ्यात तर तिथे मुलं बसमध्येच डबा खातात. निगडीचं अंतर जास्त दिसतं, पण आकुर्डी स्टेशनकडून रस्ता बरा आहे. माझा मुलगा सहावीपासून तिकडे जातो, पालकांनी मिळून व्हॅन लावली आहे.

व्हॅन असो की शाळेची बस, लेक मुलगी आहे म्हणून दोन गोष्टी बघाच. बसमध्ये महिला मदतनीस आहे का, आणि शाळेत परिवहन समिती खरंच आहे का. स्कूल बसच्या नियमात दोन्ही आहेत. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर शाळांना सीसीटीव्हीही सक्तीचे झाले. फुटेज कोण बघतं आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली का, हे सरळ विचारा. आम्ही विचारलं तेव्हा सुपरवायझर बाईंनी कपाटातून फाइल काढून समोर ठेवली. त्यानेच आमचं मन ठरलं.

५८ मुलांबद्दल: खरं आहे, वर्ग भरलेला असतो. पण वर्गशिक्षिका प्रत्येकाला नावाने ओळखतात. तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित तेवढं विचारा. एकाच शाळेत दोन्ही असतात आणि फीमध्ये फरक पडतो. अनुदानित तुकडीत मुलींना फी माफ असते.

---

प्रतिसाद

थोडक्यात लिहितो, शाळेच्या कार्यालयातच नोकरी आहे. दाखला काढण्याआधी जनरल रजिस्टरमधली नोंद बघून घ्या: नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आणि आधारवरचं इंग्रजी स्पेलिंग. शाळा सोडल्यावर दुरुस्तीला शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात, आणि दहावीचा फॉर्म भरल्यानंतर तर फारच त्रास. दाखल्याबरोबर सरकारी पोर्टलवर ऑनलाइन बदलीची विनंतीही नवीन शाळेकडून जायला हवी, नाहीतर मूल दोन्हीकडे दिसतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच आहे.

फीचंही बघा. २०११ च्या शुल्क कायद्याप्रमाणे फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जावी लागते. मंजूर फीचा तक्ता मागा. शाळा नाही म्हणाली तर तेही एक उत्तरच समजा.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तिन्ही प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवले आणि पहिल्यांदाच आम्ही दोघं शांतपणे बसून बोललो.

मॅडम, तुमचा प्रश्न मी काल दोन्ही शाळांना फोन करून विचारला. रावेतच्या शाळेतून उत्तर आलं, "तसं रेकॉर्ड आम्ही ठेवत नाही, प्रवेश दिला जाईल." निगडीच्या शाळेत फोन मुख्याध्यापिकांनीच घेतला. गेल्या वर्षी बदलीवर आलेल्या तीन मुली आहेत म्हणाल्या, एक साताऱ्याची. तिच्या आईला विचारून नंबर देते म्हणाल्या आणि संध्याकाळी खरंच फोन आला. त्या बाई माझ्याशी तब्बल चाळीस मिनिटं बोलल्या. त्यांची मुलगी पहिले दोन महिने डबा एकटीच खायची, मग वर्गशिक्षिकेने तिला भित्तिपत्रकाच्या गटात घातलं, असं त्यांनी सांगितलं.

रजिस्टर आज शाळेत जाऊन बघितलं. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' कमी आहे! उद्या अर्ज देते.

बोर्डाचं अजून नक्की नाही. शनिवारी निगडीला जातोय, लेकीला घेऊन. तिला सांगितलंय की कोणी कागद देणार नाही, फक्त वर्ग आणि ग्रंथालय बघायचं. आधी नाही म्हणाली. मग रात्री विचारत होती, तिथे मोठा भिंतीवरचा नकाशा आहे का. वहीही सुरू केली आहे, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. पहिला शब्द काय लिहिलाय ते तुम्ही ओळखलंच असेल.

दादा, निगडीच्या व्हॅनमध्ये जूनपासून एक जागा मिळेल का? आणि सकाळी किती वाजता निघते?