मदत हवी आहे : कॉलेज फुटबॉल संघांचे चाहते किती आणि किती निष्ठावान, हे मोजायचं कसं?

शून्य_शेष
आकड्यांचा मेळ बसत नाहीये. ६८ संघांची यादी करायची आहे, दोनच रकाने : चाहते किती आणि निष्ठा किती. गूगल ट्रेंड्स आणि प्रेक्षकसंख्या दोन्ही वापरून झालं. नकाशात लॉस एंजेलिसच्या यूएससीचे सगळ्यात जास्त चाहते साउथ कॅरोलायनात दिसतात, नेब्रास्का ओहायो स्टेटच्या दुप्पट निघतं आणि निष्ठेत नॉर्थवेस्टर्न एकदम तळाला. सोमवारी द्यायचं आहे. नेमकं काय चुकतंय आणि कुठली पद्धत वापरू, तेवढं सांगा.

कोकणकडा
कुठले ६८? किती वर्षांची आकडेवारी? निष्ठा कशी मोजलीत? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

फातोर्डा_पूर्व
गोव्यातल्या क्लबांसाठी प्रेक्षकसंख्या हा निकष अजिबात धरू नका. पावसाळ्यातल्या सामन्यांना गर्दी कमीच असते. साळगावकर आणि धेंपोचे जुने समर्थक मोजायचे तर गावागावांतून विचारावं लागेल.

शून्य_शेष
अमेरिकन फुटबॉल. शीर्षकात कॉलेज लिहिलंय.
६८ म्हणजे चार मोठ्या कॉन्फरन्स (एकमेकांत खेळणाऱ्या विद्यापीठांचे गट) : एसईसी १६, बिग टेन १८, एसीसी १७, बिग ट्वेल्व्ह १६, आणि नोटर डेम. निष्ठा = विजयाची टक्केवारी आणि सरासरी प्रेक्षकसंख्या यांचा सहसंबंध. सहसंबंध जितका कमी तितकी निष्ठा जास्त. आता सांगा.

शनिवारचा_किकऑफ
तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

यूएससी : तुम्ही 'यूएससी' हा शब्द शोधलात, 'विषय' निवडला नाहीत. साउथ कॅरोलायनात यूएससी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलायना, लॉस एंजेलिसचं विद्यापीठ नव्हे. ओएसयूचं तर तीन ठिकाणी तसंच होतं : ओहायो स्टेट, ओक्लाहोमा स्टेट, ओरेगन स्टेट. मायामी दोन आहेत, एक फ्लोरिडातलं आणि एक ओहायोतलं. टायगर्स म्हणाल तर एलएसयू, ऑबर्न, क्लेमसन, मिझुरी असे चार तुमच्याच यादीत सापडतील. शोधपेटीत नाव टाकल्यावर खाली 'फुटबॉल संघ' असं लिहिलेला पर्याय येतो, प्रत्येक वेळी तोच निवडायचा.

नेब्रास्का : ट्रेंड्सचा ० ते १०० हा आकडा त्या भागातल्या एकूण शोधांच्या प्रमाणात असतो, माणसांची संख्या नव्हे. तुम्ही बाजारपेठांचे निर्देशांक लोकसंख्येने न गुणता नुसते मिळवलेत, असं दिसतंय. लिंकनच्या टीव्ही बाजारपेठेत तीन लाखांच्या आत घरं आहेत, न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत ७० लाखांहून जास्त. ढोबळमानाने लिंकनचा १०० आणि न्यूयॉर्कचा ४ यांचं वजन सारखंच भरतं. टीव्हीच्या २१० बाजारपेठा आहेत, प्रत्येकीला तिच्या लोकसंख्येचं वजन द्या आणि मग बेरीज करा.

आणखी एक खड्डा आहे. पाच नावं एकत्र टाकून प्रदेशवार आकडे उतरवले, तर त्या प्रदेशात पाचांपैकी कुणाचा वाटा किती टक्के एवढंच मिळतं, शोधांची पातळी मिळत नाही. पातळी हवी तर एकेक नाव वेगळं उतरवा.

कोकणकडा
नॉर्थवेस्टर्नचं उत्तर सोपं आहे. रायन फील्ड पाडलं. ४७ हजारांचं मैदान गेलं आणि २०२४ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठावरच्या सुमारे १२ हजारांच्या तात्पुरत्या मैदानात बहुतेक सामने झाले. तुमच्या तक्त्यात चाहते पळून गेल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात खुर्च्याच नव्हत्या. कॅन्ससचंही २०२४ तपासा : मैदानाचं काम चालू होतं म्हणून त्यांनी घरचे सामने कॅन्सस सिटीत दोन ठिकाणी खेळले, एक सॉकरचं छोटं मैदान आणि दुसरं ॲरोहेड हे मोठं मैदान. २०२० तर पूर्ण वगळाच. कोविडमुळे त्या वर्षीच्या आकड्यांना काही अर्थ नाही.

रोखठोक_हिशेब
ट्रेंड्स आणि प्रेक्षकसंख्या दोन्ही सोडा. पैसा बघा. शिक्षण खात्याकडे प्रत्येक विद्यापीठाला खेळांचा जमाखर्च द्यावा लागतो, १९९४ च्या कायद्यानुसार. फुटबॉलचा महसूल थेट मिळतो. खिशातून पैसे काढतो तो चाहता, बाकीचे नुसते बघे.

शनिवारचा_किकऑफ
असहमत. त्या महसुलात कॉन्फरन्सचा टीव्हीचा वाटा मिसळलेला असतो. एसईसीच्या त्या वाटपात व्हँडरबिल्टला अलाबामाइतकीच रक्कम मिळते. मग दोघांचे चाहते सारखे मानायचे का? शिवाय काही विद्यापीठं महसूल आणि खर्च शेवटच्या डॉलरपर्यंत सारखा दाखवतात. तो हिशेब कागदावर जुळवलेला असतो, त्यातून चाहते कसे मोजणार?

रोखठोक_हिशेब
म्हणून एकूण महसूल नका घेऊ, तिकीटविक्री आणि देणग्या या दोनच ओळी घ्या. सरकारी विद्यापीठं एनसीएएला (कॉलेज खेळांची नियामक संस्था) देतात त्या अहवालात त्या वेगळ्या असतात आणि नाइट-न्यूहाउसच्या (कॉलेज खेळांच्या जमाखर्चाचा संग्रह) संकेतस्थळावर वर्षवार मिळतात. खासगी विद्यापीठं तिथे नाहीत, जसं नोटर डेम, दक्षिण कॅलिफोर्निया, स्टॅनफर्ड, नॉर्थवेस्टर्न, फ्लोरिडाचं मायामी.
देणग्यांचं वर्ष मात्र जपून निवडा. मोसमी तिकिटाचा हक्क मिळवायला जी देणगी द्यावी लागते, तिच्या ८० टक्के रकमेवर आधी करसवलत होती. डिसेंबर २०१७ च्या कायद्याने ती गेली. म्हणून अनेकांनी पुढच्या वर्षांची देणगी त्याच महिन्यात भरून टाकली. त्या आर्थिक वर्षात उंचवटा दिसतो, पुढच्या वर्षी घसरण. दोन्हींचा निष्ठेशी संबंध नाही.

शून्य_शेष
यूएससी आणि नेब्रास्का सुटलं, आभार. पण निष्ठेच्या यादीत आता मिशिगन आणि नेब्रास्का अगदी वर आले, सहसंबंध जवळजवळ शून्य. बरोबर आहे ना हे?

विदा_विदर्भ
उत्तर कदाचित बरोबर असेल, पण ज्या रीतीने आलं ती चूक आहे. १९७५ च्या नोव्हेंबरपासून मिशिगनच्या घरच्या प्रत्येक सामन्याला लाखाच्या वर प्रेक्षक नोंदवले गेलेत, अपवाद २०२० चा. मैदानाची क्षमता १,०७,६०१. आकडा छताला टेकला की मागणी वाढली काय, थोडी घटली काय, तो हलणारच नाही. जो हलत नाही त्याचा सहसंबंध शून्यच येणार. भरलेलं मैदान एवढंच सांगतं की मागणी क्षमतेइतकी किंवा जास्त होती. किती जास्त, ते सांगत नाही.

अशा विदेसाठी (आकडेवारीसाठी) टोबिट प्रारूप असतं. मैदान भरलेल्या सामन्यांना 'इथे कापलेलं' अशी खूण करायची आणि प्रेक्षकसंख्या क्षमतेच्या प्रमाणात मांडायची. मांडणी अशी करा :
प्रत्येक ओळ म्हणजे घरचा एक सामना. दहा मोसम घेतलेत, २०२० वगळलं, तर दर संघाला साठेक ओळी मिळतात. चलं : गेल्या मोसमातली विजयाची टक्केवारी, या मोसमात त्या दिवसापर्यंतचे विजय, प्रतिस्पर्ध्याचं मानांकन, परंपरागत वैरी आहे की नाही, सामन्याची वेळ, पाऊस किंवा थंडी. दर संघाला स्वतःची पायाभूत पातळी आणि विजयाचा स्वतःचा उतार (जिंकल्याने प्रेक्षक किती वाढतात) द्या, आणि हे उतार सगळ्या संघांच्या सरासरीकडे थोडे ओढले जातील असं बहुस्तरीय प्रारूप घ्या. नाहीतर दरवर्षी आठ-नऊ सामने जिंकणाऱ्या संघाचा उतार वाटेल तसा येतो, कारण तो हरताना काय होतं याचा पुरावाच विदेत नसतो.
पायाभूत पातळी वर आणि उतार सपाट, ते निष्ठावान. पातळी वर पण उतार उभा, ते जिंकलं की येणारे.

कोकणकडा
पुरावा हरणाऱ्या वर्षांतच मिळतो. साउथ कॅरोलायना १९९९ मध्ये ० विजय, ११ पराभव असा मोसम खेळले आणि तरी ८० हजारांच्या मैदानात सरासरी ७५ हजारांहून जास्त प्रेक्षक होते. आयोवा स्टेट २०१४ ते २०१६ या तीन मोसमांत मिळून आठ सामने जिंकलं, तरी मैदानात सरासरी ५० हजारांच्या वर माणसं. नेब्रास्का २०१७ ते २०२३ सलग सात मोसम पराभवाच्या बाजूला राहिलं, तरी १९६२ पासूनची 'मैदान भरलं' ही मालिका तुटली नाही. मला विचाराल तर निष्ठेच्या यादीतली पहिली तीन नावं हीच.

रोखठोक_हिशेब
नेब्रास्काच्या मालिकेला इतकं डोक्यावर घेऊ नका. २०२१ मध्ये उरलेली तिकिटं देणगीदारांकडून घेववून मुलांना वाटली गेली, म्हणून आकडा टिकला. तिकीट विकलं गेलं म्हणजे चाहता आला असं होत नाही.

कोकणकडा
देणगीदाराने मालिका टिकावी म्हणून पैसे टाकले, हीच तर निष्ठा!

विदा_विदर्भ
त्या दोघांच्या वादात मुद्दा हरवायला नको. जाहीर होणारी प्रेक्षकसंख्या बहुतेक ठिकाणी विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांची असते. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१७ च्या मोसमाची आकडेवारी मिळवली, तेव्हा दारावर स्कॅन झालेली तिकिटं जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच भरली. त्या काळात वरच्या विभागात राहायला सरासरी १५ हजार प्रेक्षकांची अट होती, तीही विकलेल्या तिकिटांवर चालत असे. म्हणजे आकडा फुगवण्यात छोट्या संघांचा फायदाच होता. ती अट २०२३ मध्ये काढली.
सरकारी विद्यापीठांकडे माहिती अधिकाराचा अर्ज करून सामनावार स्कॅनचे आकडे मागता येतात. मोसमी तिकिटांच्या नूतनीकरणाचं प्रमाणही त्यातच मागा, निष्ठेचा त्याहून थेट पुरावा नाही. मात्र व्हर्जिनिया, टेनेसीसारख्या राज्यांत हा हक्क त्या राज्याच्या रहिवाशांपुरता आहे. आणि सोमवारपर्यंत कुणीच उत्तर देणार नाही.

शून्य_शेष
मग सोमवारपर्यंत करू काय?

तळ्यात_मळ्यात
ॲन आर्बरला (मिशिगनच्या गावी) सामना बघायला जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा, मोठी पिशवी आत नेता येत नाही. तिकीट पुनर्विक्रीच्या ॲपवर किकऑफच्या तासभर आधी स्वस्त होतं. वैरी संघाचा सामना असेल तर नाही होत.

शनिवारचा_किकऑफ
प्रश्न तो नव्हता, पण यातून एक उपयोगी गोष्ट निघते. भरलेल्या मैदानांची क्षमतेपलीकडची मागणी पुनर्विक्रीच्या सगळ्यात स्वस्त तिकिटावरून कळते. संघ हरत असताना, नोव्हेंबरातल्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सामन्याचं ते तिकीट छापील किमतीच्या किती खाली जातं ते बघा. नेब्रास्का आणि मिशिगन यांच्यातला फरक मैदानाच्या आकड्यात दिसणार नाही, तो इथे दिसेल.

पिवळा_ध्वज
सर्वेक्षण का नाही कुणी सुचवलं? थेट विचारा ना लोकांना.

विदा_विदर्भ
गणित करून बघा. देशात प्रौढ सुमारे २६ कोटी. एखाद्या संघाचे चाहते १ टक्का असतील तर हजार जणांच्या सर्वेक्षणात दहा भेटतील. चूक अधिकउणे ०.६ टक्का, म्हणजे उत्तर १० लाखांपासून ४२ लाखांपर्यंत कुठेही. या पट्ट्यात देशातले बहुतेक मोठे संघ बसतात. क्रमवारी लावायला निदान २० हजार माणसं हवीत. आणि प्रश्नही 'आवडता संघ कोणता' असा नको, 'या मोसमात कुणाचे किती सामने पूर्ण पाहिलेत' असा हवा.

पिवळा_ध्वज
मग २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने फेसबुकच्या पसंतीवरून पिनकोडवार नकाशा केला होता, तो वापरा.

शनिवारचा_किकऑफ
कुठल्या भागात कोण पुढे, एवढ्यासाठी तो चांगला. पण एकदा दाबलेली पसंती कुणी काढत नाही, त्यामुळे निष्ठा त्यातून कळत नाही. त्याच वृत्तपत्रात २०११ मध्ये नेट सिल्व्हरने ट्रेंड्स आणि एका खुल्या ऑनलाइन सर्वेक्षणाची सांगड घालून २१० बाजारपेठांचा अंदाज मांडला होता. ओहायो स्टेट ३० लाखांच्या वर, देशात पहिलं. शून्य_शेष, तुमची बेरीज त्याच्याशी ताडून बघा. ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट, नोटर डेम हे तुमच्या पहिल्या दहात नसतील तर वजनं पुन्हा तपासा.

सोमवारसाठी असं करा. ऑगस्ट ते जानेवारी, निदान पाच मोसम. प्रदेशवार आकडे एकेकच उतरवा, पण संघांची आपसांत तुलना करायला दर खेपेला चार नवे संघ आणि पाचवा ठरलेला मापाचा संघ. माप मिशिगनचं ठेवलंत तर वेक फॉरेस्टसारख्यांचे आकडे ० किंवा १ असे गोल होतात, म्हणून तीन मापं ठेवा : मोठ्यांसाठी मिशिगन, मधल्यांसाठी आयोवा स्टेट, लहानांसाठी वेक फॉरेस्ट, आणि मापं एकमेकांशी जोडून घ्या. ट्रेंड्स नमुन्यावर चालतं, आज आणि उद्याचे आकडे वेगळे येतात, म्हणून तीन-चार वेगवेगळ्या दिवशी उतरवून सरासरी काढा. आज सुरू केलंत तरच जमेल. स्क्रिप्ट वापरत असाल तर विनंत्यांमध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर ४२९ ची (फार विनंत्या झाल्याची) चूक येऊन सगळं अडकतं. आठवड्यांची सरासरी नको, मध्यक घ्या. २०२३ मध्ये डीऑन सँडर्स प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा कोलोरॅडोचे शोध आभाळाला भिडले, संघ मात्र ४ विजय ८ पराभवांवर थांबला. ते सगळे बघे होते, चाहते नव्हेत.

तळ्यात_मळ्यात
नेब्रास्काच्या त्याच मैदानात ३० ऑगस्ट २०२३ ला महिला व्हॉलीबॉलला ९२,००३ प्रेक्षक आले होते. तेही धरायचे का?

कोकणकडा
नाही. विद्यापीठावरचं प्रेम आणि फुटबॉलवरचं प्रेम वेगळं मोजायचं असतं. तो आकडा लोकांची ओढ दाखवतो खरी, पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

शून्य_शेष
ट्रेंड्स नव्याने उतरवतोय, पहिली फेरी झाली. ओहायो स्टेट वर आलं, नेब्रास्का खाली गेलं. टोबिटही चाललं. पण व्हँडरबिल्टची पायाभूत पातळी अपेक्षेपेक्षा बरीच वर येतेय. का?

विदा_विदर्भ
कारण तिथे पाहुणे येतात. टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा आले की नॅशव्हिलचं मैदान निम्मं पाहुण्यांच्या रंगाचं होतं, आणि तिकीट कुणाचं हे आकडा सांगत नाही. पाहुण्या संघाच्या चाहत्यांची संख्या (तुमचीच ट्रेंड्सची बेरीज चालेल) आणि त्यांच्या गावापासूनचं अंतर ही दोन चलं घाला. नॉर्थवेस्टर्नची जुनी वर्षंही मग सरळ होतील, कारण आयोवा आणि ओहायो स्टेटचे लोक तिथे असेच येतात. टेक्सस विरुद्ध ओक्लाहोमा डॅलसमध्ये होतो आणि तिकिटं दोघांत निम्मी वाटली जातात, तो सामना घरचा म्हणून घेतला असेल तर काढून टाका. जॉर्जिया-फ्लोरिडाचा जॅक्सनव्हिलचाही.