पान-कान जमतं, पण स्टूल म्हटलं की मुलगी अडते. असं का?

प्रश्न:
मुलगी साडेपाच वर्षांची आहे. आम्ही तोंडी खेळ खेळतो, शब्द सांगायचा आणि पहिला आवाज काढून काय उरतं ते विचारायचं. पान, कान, मान यांचं "आन" पटकन सांगते, पण स्टूलचं थेट "ऊल" करते, आणि शब्द ओळखीचा नसेल तर पहिला आवाजही सांगत नाही, नुसती बघत बसते. कानाचा काही प्रॉब्लेम असेल का?

उत्तर १:
पान-कान जमतंय म्हणजे खेळ तिला कळलाय, अडचण शब्दांची आहे. पान, कान, मान, रान असे एकाच आवाजाने बदलणारे शब्द डोक्यात भरपूर झाले की शब्द ढोबळ लक्षात ठेवून भागत नाही, आतला प आणि क वेगळा धरावाच लागतो. मेट्साला आणि वॉली या संशोधकांनी १९९८ मध्ये साधारण हेच मांडलं, शब्दसंग्रह वाढतो तसे आवाज सुटे व्हायला लागतात, आणि लवकर शिकलेले, रोजचे शब्द आधी. म्हणून नवीन शब्दाला ती गप्प बसते.

आणि "ऊल" हे उत्तर तर मस्तच आहे! "स्ट" तिला एकच आवाज वाटतोय. जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन एकटं सोडवणं बऱ्याच मुलांना जड जातं, इंग्रजी बोलणाऱ्या मुलांतही हेच दिसलंय. काळजी नको.

उत्तर २:
मी बालवर्गाला शिकवते. सुरुवात स, म, न, श ने करा, हे आवाज लांबवता येतात, "म्म्म्मासा" म्हटलं की म ऐकू येतो, प किंवा ट लांबवताच येत नाही. आणि कमळचे आवाज विचारल्यावर ती क-म-ळ म्हणाली तर चूक धरू नका हं, आपली लिपीच अक्षराची आहे, क मधला "अ" वेगळा काढायला मुलांना वेळ लागतो. लांब शब्दात तर आधीचा आवाज विसरायलाच होतो, तिथे प्रत्येक आवाजाला एक बटण पुढे सरकवायला सांगा.

प्रश्नकर्ती:
थँक्यू दोघांनाही, बटणांचं लगेच करते. पण स्टूल, ब्रश सध्या सोडूनच द्यायचे का?

उत्तर २:
खेळातून थोडे दिवस बाजूला ठेवा, बोलण्यात येऊ देत. कान तपासायचा म्हणाल तर सारखी सर्दी असेल, हाक ऐकू येत नसेल किंवा पान-कान सारखे वाजतात हेसुद्धा कळत नसेल तर जरूर दाखवा, फक्त स्टूल अडलं म्हणून नको.