मदत हवी आहे: गरीब, एकट्या म्हाताऱ्यांसाठी खोल्या किती काढाव्यात?

निशिगंध: आमच्या ट्रस्टला एकाने जुनं घर दिलंय. वृद्धाश्रम नको आहे. ज्याची त्याची खोली, ज्याची त्याची शेगडी, अडलं तर मदतीला माणूस. आर्किटेक्टने बारा खोल्या कोंबल्यात. रविवारी बैठक आहे, लवकर सांगा.

सातबारा: गाव कोणतं? बक्षीसपत्र झालंय की नुसतं तोंडी? मजले? भाडं घेणार?

निशिगंध: सातारा जिल्हा. खाली चौसोपी, वर माडी. कागदपत्रं वकील बघतायत, तो प्रश्नच नाहीये. भाडं ५०० म्हणतोय.

गवंडीकाका: माडी विसरा. जोतं जमिनीपासून किती उंच? दोन फूट असेल तर १:१२ उताराने रॅम्पच चोवीस फूट जातो. संडासाचं दार बाहेर उघडणारं करा. माणूस आत पडला की दाराला अडकतो, मग दार तोडावं लागतं. आमच्या आत्याच्या वेळी तोडलं. आणि धरायला दांडा भिंतीत पक्का हवा, टॉवेलचा रॉड नव्हे.

पेन्शनर६८: श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० येतात. त्यातून ५०० भाडं, मग गॅस आणि गोळ्या कशातून? शेगड्या काढा, एकच स्वयंपाकघर करा.

मोगरी: काढा काय? माझी सासू स्वतःचा चहा स्वतः करता येतो म्हणून उठून बसायची. खानावळ केलीत की झालाच वृद्धाश्रम.

पेन्शनर६८: आणि आग लागली की?

कलमबहाद्दर: हे सरकारचं काम. २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, कलम १९: जिल्ह्यात किमान १५० निराधारांची सोय. मुलं बघत नसतील तर प्रांताधिकाऱ्याकडे पोटगीचा अर्ज टाका.

निशिगंध: अहो, बऱ्याच जणांना मुलंच नाहीत. आणि त्या कलमात सरकार 'करू शकेल' असं आहे, तेही टप्प्याटप्प्याने. खोल्या किती?

सातबारा: खोल्यांआधी पगाराचं बोला. बांधकामाला देणगी मिळते, कारण भिंतीवर नाव लागतं. रात्री दोनला बेल वाजल्यावर उठणाऱ्या बाईचा पगार कोण देणार? तो जमत नसेल तर चारच खोल्या करा.

पुणेरी_लेक: बाबांसाठी कोथरूडजवळ एसी खोली असलेलं काही सुचवाल का?

मोगरी: ताई, वेगळा धागा काढा. निशिगंध, सत्तरीपुढच्यांची आयुष्मान कार्डं काढून घ्या, उत्पन्नाची अट नाही.

गवंडीकाका: संडास किती आहेत ते सांगितलं नाहीत.

निशिगंध: एक. परसात. बाकीचे वर्षभरात करू.

गवंडीकाका: मग रविवारी खोल्यांचा विषयच काढू नका.