मदत हवी आहे: एकाच हॉलमध्ये मातीकामाचा वर्ग आणि जलरंगांचं प्रदर्शन

नमस्कार मंडळी. आमच्या लहानशा कला केंद्रात पुढच्या महिन्यात विद्यार्थ्यांच्या जलरंगांचं प्रदर्शन आहे. उद्घाटनाच्या संध्याकाळी पालक आणि चित्रकारांची भेटही ठरली आहे. अडचण एवढीच, की हॉल एकच आहे. चित्रं महिनाभर भिंतीवर राहणार आणि मुलांचा मातीकामाचा वर्ग तिथेच भरतो. तो बंद ठेवायला मन धजत नाही, मुलं आठवडाभर त्याची वाट बघतात.

परवा एक फ्रेम लावून पाहिली. वर्ग सुटल्यावर काचेवरून बोट फिरवलं, तर पांढरट भुकटी लागली. झाडू मारला की सुकी माती आणखी उडते, शिवाय ती छातीत जाणं वाईटच. म्हणून आता फक्त ओल्या फडक्याने पुसतो. पण फ्रेमच्या फटींतून आत जाणारी धूळ कशी थांबवायची? मागून कागदी टेप लावून पुरेल का?

दुसरा पेच उजेडाचा. कागदावरच्या जलरंगांसाठी संग्रहालयं साधारण 50 लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात, कारण रंग एकदा उडाला की परत येत नाही. तेवढ्या उजेडात मुलांना काम कसं दिसणार? वर्गाच्या वेळी चित्रांवर जाड कापड सोडावं, असं मला वाटतंय. कुणी केलंय का असं?

आणि चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंमीवर ठेवतात, पण आमचे निम्मे प्रेक्षक लहान मुलं. किती खाली आणू?